समुद्रप्रवाहांवर उपग्रहांच्या रडारची नजर

बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला आहे. तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे चारशे किलोमीटर दूर. तरीही या तालुक्याचे समुद्राशी दुहेरी नाते आहे. सातपुड्यातून उतरणारी वान नदी या भागाचे पाणी पूर्णेत नेते. पूर्णा पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीला मिळते आणि हतनूर व उकाई या धरणांत अडखळत ते पाणी सुरतेजवळ समुद्रास पोचते. पाण्याची ही परतीची वाट झाली. येण्याची वाट याच्या उलट आहे. जून महिन्यात संग्रामपूरच्या कापूस-सोयाबीनच्या शेतांवर जे ढग येतात, त्यांतील बाष्पाचा मोठा वाटा समुद्रावरून आलेला असतो. समुद्र किती तापला, ती ऊब कोठे साचली आणि ती कोणत्या दिशेने वाहून गेली, यावर मोसमी पावसाचे पुष्कळसे गणित अवलंबून असते. म्हणूनच समुद्राच्या पृष्ठभागावरील प्रवाहांचे मापन हा केवळ खलाशांच्या किंवा कोळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय नाही. खारपाणपट्ट्यातील कोरडवाहू शेतकऱ्याशीही त्याचा संबंध आहे.

हे मापन आज मोठ्या प्रमाणावर आकाशातून होते. पृथ्वीपासून सातशे ते तेराशे किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह रडारच्या साह्याने समुद्राची उंची, त्याचा खडबडीतपणा आणि त्याची हालचाल टिपतात. पाण्याला स्पर्श न करता पाण्याचा वेग कसा मोजतात, त्यात किती अचूकता साधते आणि कोकण किनाऱ्यावर ही पद्धत कोठे अडते, याचा हा आढावा.

प्रवाह म्हणजे काय?

लाटा आणि प्रवाह यांत नेहमी गल्लत होते. लाटेत पाण्याचा प्रत्येक कण जवळपास आपल्याच जागी गोल फिरतो. पुढे जाते ती ऊर्जा. प्रवाहात मात्र पाणी स्वतःच एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते आणि आपल्याबरोबर उष्णता, क्षार, मासळीची अंडी, सांडलेले तेल, बुडालेल्या नौकेचे अवशेष असे सर्व काही नेते.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत असा एक प्रवाह वाहतो. 'पश्चिम भारतीय किनारी प्रवाह' या नावाने तो ओळखला जातो. त्याचे वैशिष्ट्य असे, की तो ऋतूनुसार दिशा बदलतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात तो दक्षिणेकडे वाहतो, तर हिवाळ्यात, साधारणपणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, उत्तरेकडे. जगातील बहुतेक मोठे प्रवाह वर्षभर एकाच दिशेने वाहतात. उत्तर हिंदी महासागर याला ठळक अपवाद आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ च्या पावसाळ्यात जहाजावरून केलेल्या निरीक्षणांच्या आधारे १९९० मध्ये, आणि हिवाळी प्रवाहाविषयी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेले निबंध या विषयातील पायाभूत काम मानले जातात. पुढे याच संस्थेने मुंबई, गोवा इत्यादी ठिकाणांसमोर समुद्रात नांगरलेली ध्वनिलहरींची प्रवाहमापक यंत्रे वर्षानुवर्षे ठेवली. त्यांच्या नोंदींतून असे दिसले, की ऋतुमानाच्या या चित्राच्या आत काही आठवड्यांत दिशा पालटणारे चढउतारही असतात आणि ते कित्येकदा ऋतूच्या प्रवाहाइतकेच प्रबळ असतात. म्हणजे 'जुलै आहे, तेव्हा प्रवाह दक्षिणेकडेच असणार' असे गृहीत धरून चालत नाही. तो त्या दिवशी मोजावाच लागतो.

पूर्वी हे मोजमाप जहाजांच्या भरकटण्यावरून होई. होकायंत्र आणि वेग यांच्या हिशेबाने जहाज जेथे असायला हवे आणि प्रत्यक्षात जेथे असते, त्यांतील फरक हा प्रवाहाचा परिणाम मानला जाई. नंतर तरंगत्या बोया आल्या. पाण्याखाली पंधरा मीटरवर कापडी नळकांडे लटकवलेल्या या बोया उपग्रहाला आपला ठावठिकाणा कळवीत प्रवाहाबरोबर वाहत जातात. जगभरच्या समुद्रांत अशा सुमारे साडेबाराशे बोया राखण्याचे उद्दिष्ट असते. संख्या मोठी वाटली तरी महासागराचा विस्तार पाहता ती नगण्यच. नांगरलेले यंत्र एका बिंदूची माहिती देते, बोया एका रेषेची. संपूर्ण समुद्राची माहिती फक्त उपग्रहच देऊ शकतो.

समुद्राच्या उतारावरून वेग

उपग्रहीय मापनाची पहिली आणि सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे रडार उंचीमापक, अर्थात अल्टिमीटर. उपग्रहावरील रडार सरळ खाली सूक्ष्मतरंगांचा स्पंद सोडते आणि तो समुद्रावरून परावर्तित होऊन परत येण्यास लागणारा वेळ मोजते. उपग्रहाची कक्षा अचूक ठाऊक असली, की समुद्राची उंची मिळते. येथे आवश्यक असलेली अचूकता थक्क करणारी आहे. उंचीतील एका सेंटिमीटरचा फरक म्हणजे जाऊन-येऊन दोन सेंटिमीटरचे अंतर, आणि प्रकाशाच्या वेगाने त्याला लागणारा वेळ सेकंदाच्या सुमारे दीड हजार कोटीव्या भागाइतका असतो.

उंचीवरून वेग कसा निघतो? नदीचे पाणी उतारावरून खाली वाहते, हे आपल्या परिचयाचे आहे. विस्तीर्ण समुद्रात तसे घडत नाही. पाणी उतारावरून खाली जाऊ लागले, की पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात ते उजवीकडे वळते. काही दिवसांत उताराची ओढ आणि परिवलनाचा रेटा यांचा तोल साधला जातो आणि पाणी उताराला आडवे, म्हणजे समान उंचीच्या रेषेला समांतर, वाहू लागते. उत्तर गोलार्धात उंच पाणी प्रवाहाच्या उजव्या हाताला असते. पावसाळ्यात कोकण किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे असतो, कारण त्या काळात किनाऱ्यालगतचे पाणी बाहेरच्या समुद्रापेक्षा किंचित खाली गेलेले असते. हिवाळ्यात किनाऱ्याकडचे पाणी चढते आणि प्रवाह उलटतो. मुंबईच्या अक्षांशावर शंभर किलोमीटर अंतरात समुद्राच्या उंचीत दहा सेंटिमीटरचा फरक असेल, तर प्रवाहाचा वेग सेकंदाला सुमारे वीस सेंटिमीटर निघतो. डोळ्यांना सपाट भासणाऱ्या समुद्रातील वीतभर चढउतारावर सारी गणना उभी असते.

यात एक मोठी अडचण आहे. प्रवाह अजिबात नसला तरी समुद्र सपाट नसतो. पृथ्वीच्या पोटातील वस्तुमान सर्वत्र सारखे नसल्याने गुरुत्वाकर्षण कोठे कमी, कोठे जास्त असते आणि समुद्राचा पृष्ठभाग त्यानुसार उंचसखल होतो. गुरुत्वाने ठरणाऱ्या या काल्पनिक पृष्ठभागाला जिऑइड म्हणतात. त्याचा जगातील सर्वांत खोल खळगा हिंदी महासागरातच, भारत-श्रीलंकेच्या दक्षिणेस आहे. तेथे समुद्राची पातळी आदर्श लंबगोलापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली आहे. प्रवाहामुळे होणारा काही सेंटिमीटरचा फरक शोधायचा, तर आधी हा शंभर मीटरचा खळगा नेमका ठाऊक हवा. अमेरिका व जर्मनीची २००२ मध्ये सोडलेली 'ग्रेस' ही उपग्रहजोडी आणि युरोपीय अवकाश संस्थेचा २००९ मधील 'गोचे' उपग्रह यांनी गुरुत्वाचे जे नकाशे केले, त्यामुळे हे काम पुष्कळ सोपे झाले.

'सीसॅट'पासून 'सरल'पर्यंत

२७ जून १९७८ रोजी अमेरिकेने सोडलेला 'सीसॅट' हा समुद्रासाठी खास बनवलेला आरंभीचा रडार उपग्रह. विजेच्या बिघाडामुळे तो साडेतीन महिन्यांतच निकामी झाला. पण रडारने समुद्र वाचता येतो, हे त्याने सिद्ध केले. अमेरिका व फ्रान्स यांचा 'टोपेक्स-पोसायडन' १० ऑगस्ट १९९२ रोजी अवकाशात गेला आणि तेव्हापासून समुद्राच्या उंचीची अखंड मालिका सुरू झाली. 'जेसन' मालिकेतील तीन उपग्रह आणि २१ नोव्हेंबर २०२० रोजी गेलेला 'सेंटिनेल-६ मायकेल फ्रायलिख' यांनी ती पुढे चालवली.

या प्रवासात भारताचाही वाटा आहे. २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी २० या अग्निबाणाने 'सरल' हा उपग्रह सोडण्यात आला. इस्रो आणि फ्रान्सची अवकाश संस्था यांचा हा संयुक्त उपक्रम होता. त्यावरील 'अल्टिका' हा उंचीमापक ३५.७५ गिगाहर्ट्झ या वारंवारतेवर चालणारा, त्या पट्ट्यातील पहिलाच होता. आखूड तरंगलांबीमुळे त्याचा ठसा लहान पडे आणि किनाऱ्याच्या अधिक जवळपर्यंत विश्वसनीय नोंदी मिळत. मात्र हीच आखूड तरंगलांबी पावसाच्या थेंबांत अधिक शोषली जाते. ज्या ऋतूत अरबी समुद्राची माहिती सर्वाधिक हवी, त्याच ऋतूत काही नोंदी गमवाव्या लागणे हा त्या गुणाचा दोष होता.

उंचीमापकाच्या इतर मर्यादाही ध्यानात घेण्याजोग्या आहेत. तो फक्त आपल्या थेट खालची रेषा पाहतो. टोपेक्स आणि जेसन यांच्या शेजारशेजारच्या दोन मार्गांत विषुववृत्तावर सुमारे तीनशे किलोमीटरचे अंतर असे आणि तोच मार्ग पुन्हा दहा दिवसांनी येई. पन्नास-साठ किलोमीटर व्यासाचा भोवरा या फटीतून सहज निसटतो. दुसरे असे, की विषुववृत्तावर परिवलनाचा रेटा शून्य होतो आणि उतारावरून वेग काढण्याचे नेहमीचे सूत्र तेथे लागू पडत नाही. हिंदी महासागरात नेमक्या विषुववृत्तावर वर्षातून दोनदा, दोन मोसमांच्या संधिकाळात, पूर्वेकडे धावणारा वेगवान प्रवाह असतो. क्लाउस विर्टकी यांनी १९७३ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या मापनासाठी वेगळी गणिती युक्ती योजावी लागते. तिसरे म्हणजे वाऱ्याने थेट ढकललेले वरच्या थरातील पाणी उंचीच्या उतारात उमटत नाही. त्यासाठी वाऱ्याचा वेग स्वतंत्रपणे मोजून त्याचा वाटा मिळवावा लागतो. इस्रोच्या २००९ मधील 'ओशनसॅट-२', २०१६ मधील 'स्कॅटसॅट-१' आणि २६ नोव्हेंबर २०२२ रोजी गेलेल्या 'ईओएस-०६' या उपग्रहांवरील स्कॅटरोमीटर या रडारांचा येथे मोठा उपयोग झाला.

रेषेऐवजी पट्टा पाहण्याची सोय १६ डिसेंबर २०२२ रोजी सोडलेल्या अमेरिका-फ्रान्सच्या 'स्वॉट' उपग्रहाने केली. दहा मीटर अंतरावरील दोन अँटेनांनी एकच प्रतिध्वनी टिपून, त्यांतील सूक्ष्म फरकावरून तो सुमारे १२० किलोमीटर रुंद पट्ट्यातील पाण्याची उंची काढतो. मधली वीस किलोमीटरची चीर तेवढी या पद्धतीच्या आवाक्याबाहेर राहते. पूर्वी केवळ तर्काने मांडलेले लहान भोवरे त्याच्या नकाशांत स्पष्ट दिसू लागले.

थेट वेग मोजणारे रडार

उंचीवरून वेग काढणे हा अप्रत्यक्ष मार्ग झाला. दुसरा मार्ग थेट आहे. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढ्या सुरात आणि दूर जाणाऱ्या गाडीची उतरत्या सुरात ऐकू येते. हा डॉप्लर परिणाम. रडारच्या तरंगांनाही तोच नियम लागू आहे. रडारकडे सरकणाऱ्या पाण्यावरून परतलेल्या तरंगाची वारंवारता किंचित वाढते, दूर जाणाऱ्या पाण्यावरून किंचित घटते.

यासाठी रडारने सरळ खाली न पाहता तिरके पाहावे लागते. तिरप्या किरणाला समुद्रावरून परत पाठवण्याचे काम मोठ्या लाटा करीत नाहीत. ते वाऱ्याने उठवलेल्या बारीक तरंगांचे आहे. साडेपाच सेंटिमीटर तरंगलांबीचे रडार पस्तीस अंशांच्या कोनातून पाहत असेल, तर सुमारे पाच सेंटिमीटर लांबीच्या तरंगिका त्याच्याशी सूर जुळवतात आणि त्यांचेच प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून प्रबळ होतात. वारा पूर्ण पडला आणि समुद्र आरशासारखा झाला, तर असे रडार जवळजवळ आंधळे होते.

कृत्रिम छिद्र रडार, म्हणजे 'सार', या प्रकारच्या उपग्रहांनी जमिनीची व समुद्राची चित्रे घेतली जातात. त्यांच्या नोंदींत वारंवारतेतील हा बदलही दडलेला असतो. पूर्वी तो केवळ प्रतिमा नीट जुळवण्यापुरता वापरला जाई. त्यातून पाण्याचा वेग काढता येतो, हे बर्ट्रांड शाप्रों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपच्या 'एन्व्हिसॅट' उपग्रहाच्या नोंदींवरून २००५ मध्ये दाखवून दिले. २०१४ पासूनच्या 'सेंटिनेल-१' मालिकेत हा वेग नियमित नोंदींचा भाग झाला.

मात्र ही नोंद किती नाजूक असते, हे आकड्यांवरून कळावे. या रडारची वारंवारता सुमारे ५४० कोटी हर्ट्झ. पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने, रडारच्या दृष्टिरेषेच्या दिशेने वाहत असेल, तर वर सांगितलेल्या कोनात वारंवारतेत फरक पडतो अवघा सुमारे २१ हर्ट्झ. कोकण किनाऱ्यावरील सेकंदाला पंचवीस सेंटिमीटरच्या प्रवाहाने तर जेमतेम पाच. उपग्रह स्वतः सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने धावत असतो. त्याच्या अँटेनाचा रोख अंशाच्या हजाराव्या भागाने जरी चुकला, तरी उपग्रहाच्याच वेगाचा अंश नोंदीत शिरतो आणि तोही जवळपास पाच हर्ट्झ भरतो. म्हणजे चूक आणि मोजायची गोष्ट दोन्ही सारख्याच मापाच्या! यावर एक साधी युक्ती आहे. प्रतिमेत किनाऱ्याची जमीन आलेली असेल, तर जमीन हलत नसल्याने तिचा वेग शून्य यायला हवा. जो काही आकडा येईल ती चूक समजून समुद्राच्या आकड्यातून वजा करतात. भर समुद्रात मात्र असा आधार मिळत नाही.

दुसरा गोंधळ लाटांचा. लाटेच्या माथ्यावरील पाणी पुढे आणि तळातील पाणी मागे जात असते. दोन्ही सारखेच उजळ दिसले असते, तर सरासरीत ही हालचाल शून्य झाली असती. परंतु लाटेच्या वेगवेगळ्या भागांवर तरंगिका सारख्या नसतात, रडारला त्यांचा उतारही निराळा दिसतो. त्यामुळे सरासरीत एक खोटा वेग उरतो. हा वाऱ्याचा व लाटांचा वाटा खऱ्या प्रवाहापेक्षा पुष्कळदा मोठा असतो. वाऱ्याची स्वतंत्र आणि चांगली माहिती हाती असल्याखेरीज तो वेगळा काढता येत नाही. आणि वाऱ्याच्या अंदाजात चूक झाली, तर ती प्रवाहाच्या आकड्यात उतरते.

दोन डोळ्यांचे रडार

तिसरी पद्धत व्यतिकरणाची. उपग्रहाच्या किंवा विमानाच्या प्रवासाच्या दिशेत पुढे-मागे दोन अँटेना ठेवायच्या. पुढच्या अँटेनाने पाहिलेला पाण्याचा तुकडा मागची अँटेना काही सहस्रांश सेकंदांनी पाहते. तेवढ्या अवधीत पाणी जेवढे सरकले, तेवढा प्रतिध्वनीच्या तरंगाच्या कलेत फरक पडतो. १९८७ मध्ये रिचर्ड गोल्डस्टाइन आणि हॉवर्ड झेबकर यांनी विमानातून अशा प्रकारे सागरी प्रवाह मोजून दाखवले. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकी अवकाशयानावरून पृथ्वीच्या भूरचनेचे जे रडार मापन झाले, त्यातील दोन अँटेना प्रवासाच्या दिशेतही सुमारे सात मीटरने पुढे-मागे होत्या. त्या योगायोगाचा लाभ घेऊन नेदरलँड्सच्या वाडन समुद्रातील भरती-ओहोटीचे प्रवाह मोजण्यात आले. जर्मनीच्या २००७ मधील 'टेरासार-एक्स' व २०१० मधील 'टँडेम-एक्स' या जोडीनेही हे प्रयोग पुढे नेले.

या पद्धतीत बारकावा चांगला मिळतो. परंतु दोन अँटेनांतील अंतर फार कमी असेल तर फरक मोजण्याइतका पडत नाही आणि फार जास्त असेल तर मधल्या वेळेत तरंगिकांचे रूपच पालटते. शिवाय वारा आणि लाटा यांचा खोटा वेग येथेही वजा करावाच लागतो.

कोकण किनाऱ्याची अडचण

या सर्व पद्धतींना आपला पश्चिम किनारा विशेष जड जातो. त्याचे कारण भूगोलात आहे. रडार उपग्रह बहुधा ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत, म्हणजे ढोबळ मानाने उत्तर-दक्षिण, फिरतात आणि आपल्या बाजूला, म्हणजे पूर्वेस वा पश्चिमेस, पाहतात. डॉप्लर परिणामातून फक्त दृष्टिरेषेच्या दिशेतील वेग कळतो. कोकणचा किनारा मात्र जवळपास उत्तर-दक्षिण आहे आणि प्रवाह किनाऱ्याला समांतर वाहतो. परिणामी तो रडारच्या दृष्टिरेषेला जवळजवळ काटकोनात असतो आणि त्याचा अगदी थोडा अंश नोंदीत येतो. एका मार्गावरील उंचीमापकाचीही तीच गत. उत्तर-दक्षिण रेषेवरचा उतार पूर्व-पश्चिम प्रवाहाची माहिती देतो. अनेक उपग्रहांच्या, अनेक दिवसांच्या आडव्या-तिरप्या मार्गांची जुळणी केल्यावरच उत्तर-दक्षिण प्रवाहाचे चित्र पुरे होते.

ज्या पाण्यात संग्रामपूरचे पाणी अखेर मिसळते, ते खंभातचे आखात तर आणखी कठीण. तेथे भरती-ओहोटीचे प्रवाह अत्यंत वेगवान असून सहा तासांत उलटतात. दहा दिवसांनी एकदा येणाऱ्या उपग्रहाला त्यांचा माग लागणे अशक्य. अशा ठिकाणी किनाऱ्यावर बसवलेले उच्च वारंवारतेचे रडार उपयोगी पडते. न्यूझीलंडच्या डी. डी. क्रॉम्बी यांनी १९५५ मध्ये समुद्रावरून येणाऱ्या रेडिओ प्रतिध्वनीचे जे गूढ उकलले, त्यावर हे तंत्र आधारलेले आहे. भारतात गुजरातसह काही किनाऱ्यांवर अशा रडारांच्या जोड्या बसवण्यात आल्या. दोन ठिकाणांहून पाहिल्यामुळे प्रवाहाच्या दोन्ही दिशा कळतात आणि नोंदी तासागणिक मिळतात. पल्ला मात्र फार तर दोनशे किलोमीटरचा. म्हणून उपग्रह आणि किनारी रडार ही परस्परांना पर्याय नसून पूरक साधने ठरतात.

प्राण वाचवण्यासाठी

प्रवाहाच्या वेगातील चूक केवळ कागदावरची नसते. सेकंदाला दहा सेंटिमीटरची चूक एका दिवसात साडेआठ किलोमीटर होते. शोधपथकाला ज्या क्षेत्रात माणसे शोधायची, त्याची त्रिज्या तेवढ्याने वाढते आणि क्षेत्रफळ तर त्याहून कितीतरी अधिक. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' चक्रीवादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात 'पी-३०५' हा कामगारांचा तराफा नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. त्यावर २६१ जण होते. नौदलाने खवळलेल्या समुद्रातून १८० हून अधिक जणांना वाचवले. सत्तरहून अधिक जणांनी प्राण गमावले. अशा वेळी पाण्यात पडलेला माणूस कोणत्या दिशेने वाहत गेला असेल, हा प्रश्न तासांचा असतो. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, अर्थात 'इन्कॉइस', या संस्थेने २०१६ मध्ये 'सारट' ही संगणकीय प्रणाली सुरू केली. हरवलेली नौका वा व्यक्ती कोठे असण्याची शक्यता अधिक, हे ती वारा आणि प्रवाह यांच्या अंदाजावरून सांगते. हा अंदाज करणाऱ्या महासागराच्या गणिती प्रतिमानाला उपग्रहांच्या नोंदींनीच ताळ्यावर ठेवले जाते.

प्रदूषणाचेही तसेच. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले आणि ते रायगडच्या किनाऱ्यापर्यंत पोचले. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ 'एमएससी एल्सा-३' हे मालवाहू जहाज बुडाले. त्यातील कंटेनर दक्षिणेकडे वाहत जाऊन कोल्लम, आलप्पुळा येथील किनाऱ्यांना लागले. पावसाळी प्रवाहाची दिशा लक्षात घेता हे अपेक्षितच होते. पण कोणत्या गावाला, किती दिवसांनी, हे सांगण्यासाठी त्या आठवड्याचा प्रवाह ठाऊक असावा लागतो.

लक्षद्वीपचा उबदार समुद्र आणि मृगाचा पाऊस

आता पुन्हा संग्रामपूरच्या शेताकडे वळता येईल. हिवाळ्यात बंगालच्या उपसागरातील कमी खारट पाणी प्रवाहांच्या वाटेने श्रीलंकेला वळसा घालून केरळ व लक्षद्वीपच्या समुद्रात येते. याच सुमारास तेथे समुद्राची पातळी फुगून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा मोठा भोवरा तयार होतो. 'लक्षद्वीपचा उंचवटा' या अर्थाच्या नावाने ओळखला जाणारा हा भोवरा उपग्रहांच्या उंचीमापकांनी स्पष्ट केला. वरचे पाणी कमी खारट, म्हणून हलके. ते खालच्या पाण्यात सहजी मिसळत नाही. त्यामुळे मार्च ते मे या काळातील उन्हाची ऊब वरच्या पातळ थरातच कोंडून राहते आणि मोसमी पावसापूर्वी येथील पाणी जगातील अतिउष्ण समुद्रपृष्ठांपैकी एक बनते. गोव्याच्या संस्थेतील शेणॉय, शंकर व शेट्ये यांनी १९९९ मध्ये ही प्रवाह, क्षार आणि उष्णता यांची साखळी मांडली. केरळात मोसमी पाऊस दाखल होण्याच्या प्रक्रियेशी या उबदार समुद्राचा संबंध जोडला जातो.

याचा अर्थ प्रवाह मोजला, की संग्रामपुरात पाऊस कोणत्या तारखेला पडेल हे सांगता येते, असा मुळीच नाही. प्रशांत महासागरातील घडामोडी, वाऱ्यांची स्थिती, बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे अशी अनेक कारणे त्यामागे असतात. विदर्भाला तर उपसागराकडून येणाऱ्या पावसाचाही मोठा आधार आहे. पण समुद्र आणि वातावरण यांचा एकत्र विचार करणाऱ्या प्रतिमानांना हंगामाचा अंदाज बांधण्यासाठी समुद्राची प्रारंभीची स्थिती द्यावी लागते आणि तिच्यातील चुका पुढच्या अंदाजात वाढत जातात. पहिला पाऊस पाहून पेरणी केली आणि नंतर तीन आठवडे उघडीप पडली, तर दुबार पेरणीचे संकट ओढवते. बियाण्याचा आणि मजुरीचा तो दुप्पट खर्च कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्ष बुडवू शकतो. अंदाजातील थोड्या सुधारणेचेही मोल म्हणूनच मोठे आहे.

पुढची वाटचाल

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून गेलेला इस्रो आणि नासा यांचा 'निसार' हा उपग्रह दोन तरंगलांबींची रडारे वाहतो. त्याचे मुख्य काम जमिनीचे सरकणे, हिमनद्या, जंगले आणि शेते यांचे निरीक्षण हे आहे. प्रवाहमापन हे त्याचे उद्दिष्ट नाही. प्रवाहांच्या दृष्टीने अधिक आशा आहे ती युरोपीय अवकाश संस्थेने २०२२ मध्ये निवडलेल्या 'हार्मनी' या मोहिमेकडून. यात दोन उपग्रह 'सेंटिनेल-१' च्या पुढे-मागे राहून, त्याच्याच रडारचे प्रतिध्वनी वेगवेगळ्या कोनांतून टिपतील. एकाच जागी अनेक दिशांनी पाहिल्याने काटकोनाची अडचण बरीच कमी होईल, अशी अपेक्षा आहे. कोकण किनाऱ्यासारख्या उत्तर-दक्षिण प्रवाहांसाठी ही सुधारणा विशेष महत्त्वाची ठरावी.

उंचीमापक, डॉप्लर रडार, व्यतिकरण, किनारी रडार, नांगरलेली यंत्रे आणि तरंगत्या बोया यांपैकी एकही साधन स्वतःपुरते पुरेसे नाही. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढायची आणि सर्वांच्या नोंदी एकत्र करून समुद्राचे चित्र पुरे करायचे, अशीच या शास्त्राची रीत आहे. वानेच्या पात्रातून वाहून गेलेले पाणी अरबी समुद्रात पोचल्यावर कोणत्या वाटेने जाते, हे आज पूर्वीपेक्षा खूपच चांगले सांगता येते. त्याच समुद्रावरून बाष्प होऊन पाणी सातपुड्याच्या पायथ्याशी केव्हा परत येईल, हा शेतकऱ्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. त्याच्या उत्तराचा एक भाग मात्र या वीतभर चढउतारांच्या नोंदींत दडलेला आहे.